मुलगा बघताना: पगार विचारून झाल्यावर काय विचारायचं

स्थळ आलं की पहिला फोन साधारण सगळीकडे सारखाच असतो. मुलगा काय करतो, कुठे असतो, पॅकेज किती, फ्लॅट स्वतःचा का भाड्याचा, आईवडील सोबत राहणार का गावी, लग्नाची बहीण आहे का. एवढ्यात फोन ठेवला जातो आणि मुलगा पास का नापास हे ठरलेलं पण असतं, तो माणूस म्हणून कसा आहे हे विचारायचं कोणाला सुचलेलंच नसतं. मुलाकडचे पण काही कमी नसतात हं, मुलगी इंजिनिअर पाहिजे, पगार आणणारी पाहिजे आणि सकाळी उठून दोन डबे भरून देणारी पण पाहिजे. म्हणजे पोराकडे बघायचं ते पगाराची स्लिप म्हणून आणि पोरीकडे कमावती स्वैपाकीण म्हणून, आणि मग वर्षभराने दोघांनी म्हणायचं की हा माणूस असा निघेल असं वाटलं नव्हतं. अहो विचारलं कुठे होतं?

नात्यागोत्यातली स्थळं इकडून तिकडे पोचवायचं काम माझ्याकडे आपोआप आलंय, त्यामुळे हे सगळं रोज बघते. म्हणून जे लग्नाळू आहेत आणि ज्यांच्या घरात लग्नाळू आहेत त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

आधी बायोडेटा

मुलांचे बायोडेटा बघा. रास, नाडी, गण, देवक, मामांचं गाव, उंची, शिक्षण, पॅकेज, आणि खाली अपेक्षा: सुशिक्षित, सुस्वभावी, घर सांभाळणारी. स्वतःबद्दल एक ओळ नाही. मुलांनो, पत्रिकेची माहिती ठेवा हवी तर, पण चार वाक्यं स्वतः लिहा, ऑफिसात नक्की काम काय करता, रविवारी काय करता, घरात कोण कोण आहे आणि त्यातलं कोण तुमच्यावर अवलंबून आहे, लग्नानंतर कुठे राहायचा विचार आहे. आणि निर्व्यसनी लिहायचं तर खरंच असाल तरच लिहा. "ऑकेजनली" म्हणजे दर शनिवारी, हे आता सगळ्यांना माहीत झालंय.

मुलींनी पण अपेक्षांच्या रकान्यात "पुण्यात स्वतःचा फ्लॅट" टाकायच्या आधी जरा कॅल्क्युलेटर काढा. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज, हप्ता बसतो महिन्याला ४३ हजारांच्या पुढे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलाकडे स्वतःचा फ्लॅट आहे याचा अर्थ एकतर वडिलांनी जमीन विकली किंवा जन्मभराची पुंजी घातली, नाहीतर तो हप्त्याखाली आहे आणि लग्नानंतर तुम्ही पण त्याच हप्त्याखाली येणार. पॅकेजचं पण तसंच, वर्षाला १२ लाख म्हणजे महिन्याला एक लाख हातात येत नाहीत, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, व्हेरिएबल असतं जे मिळेल तेव्हा खरं. म्हणून आकडा विचारायचाच असेल तर असा विचारा: हातात किती येतात, हप्ते किती जातात, घरी किती पाठवता. आणि फ्लॅट असेल तर नावावर कोणाच्या आहे, लग्नानंतर हप्त्यात मी पण पैसे घातले तर माझं नाव लागणार का. यात लाजायचं काही नाही.

आणि हेच प्रश्न मुलाने पण मुलीला विचारायचे. मुलं इथे फार भिडस्त असतात, मुलीला पगार विचारला तर हावरट दिसू असं वाटतं, आणि नंतर कळतं की तिच्यावर शिक्षणाचं कर्ज आहे किंवा तिला आईवडिलांकडे दर महिन्याला पैसे पाठवायचेत (जे तिने पाठवलेच पाहिजेत, तो का पाठवतो मग?). माझा पगार माझा आणि तुझा पगार आपला हे काही पोरींच्या डोक्यात असतं, आणि सुनेचा पगार सासूच्या हातात हे काही घरांत अजून चालतं, दोन्ही आधीच बोलून घ्या. मला बरी वाटणारी पद्धत सांगते, घरखर्च पगाराच्या प्रमाणात दोघांनी, दोन्हीकडच्या आईवडिलांसाठी ठरलेली रक्कम, आणि उरलेले ज्याचे त्याच्याकडे, त्याचा हिशोब मागायचा नाही.

भेट

पोह्यांच्या दिवशी गॅलरीत "तुम्ही दोघं बोलून घ्या जरा" म्हणून दहा मिनिटं देतात आणि आतून सगळे कान लावून बसतात, त्यात काय डोंबल बोलणार. त्यामुळे होकार-नकार द्यायच्या आधी बाहेर दोन-तीन वेळा तरी भेटा, घरच्यांना सांगून भेटा पण एकटे भेटा. बिल एकदा त्याने, एकदा तिने. मुलाने कायम पाकीट काढायचं आणि मुलीने कायम थँक्यू म्हणायचं ही सवय एकदा लागली की मोडता मोडत नाही.

घरकामाबद्दल विचाराल तेव्हा "घरकाम करशील का" असं विचारूच नका, आजकाल सगळी पोरं हो म्हणतात, त्यांना बरोबर उत्तर पाठ आहे. असं विचारा: काल रात्रीचं जेवण कोणी केलं? भांडी कोणी घासली? सिलेंडर कोण बुक करतं? आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या की कोण आणतं? २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर लोकांचा वेळ कुठे जातो याचं सर्वेक्षण केलं होतं, त्यात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते आणि करणाऱ्या पुरुषांचे ९७. आणि "करणाऱ्या पुरुषांचे" म्हटलं कारण असे पुरुष १०० त २६ च्या आसपास, बाकीचे त्या दिवशी स्वैपाकघराकडे फिरकलेच नव्हते.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारायचा नाही. कॉट बेसिसवर राहून कुकर लावायला, भुर्जी करायला शिकलेला मुलगा सुट्टीला घरी आला की आईच म्हणते तू बस रे, दमून आलायस. आणि लग्नानंतर तो चहा करायला उठला तर बायकोच्याच माहेरचे हसून म्हणतात, जावईबापू पार ताटाखालचं मांजर झाले. मग तो कशाला उठेल? तेव्हा मुलीकडच्यांनी पण तोंड सांभाळा.

मूल झाल्यावरचं आत्ताच विचारा, कोणाला लवकर वाटलं तरी विचारा. आईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस, आणि खाजगी कंपनीत बापाला रजा द्यायलाच पाहिजे असा कायदा नाही, कंपनीच्या मर्जीवर आहे. त्यामुळे मुलाने आपल्या एचआरला विचारून ठेवावं. "बघू तेव्हा" म्हणणारा बाप तेव्हा ऑफिसातच असतो.

नोकरी गेली तर?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि हाच कोणी विचारत नाही. आयटीत कपात सुरू झाली की एका मेलवर माणूस घरी बसतो. मुलीची नोकरी गेली तर लोक म्हणतात बरं झालं, आता घराकडे बघ. मुलाची गेली की तो सोसायटीत तोंड लपवून फिरतो, कित्येक जण तर घरी सांगत पण नाहीत, सकाळी बॅग घेऊन निघतात आणि कुठेतरी दिवसभर बसून येतात. आपणच तर त्याला पगारावर निवडलेला असतो, मग पगार गेल्यावर आपली किंमत शून्य झाली असं त्याला वाटलं तर नवल काय. एकमेकांना स्पष्ट विचारा: सहा महिने माझी कमाई नसेल तर तू काय करशील? तिने पण उत्तर द्यायचं आणि त्याने पण. उलट बाजूने पण विचारा, मला दोन वर्षं नोकरी सोडून शिकायचं असेल तर चालेल का, हा प्रश्न फक्त मुलीनेच विचारायचा असा काही नियम नाही.

याला जोडूनच, अडचण आली की तू कोणाशी बोलतोस हे मुलाला विचारा. मित्र ढीगभर असतात, क्रिकेट, गाड्या, ट्रेक सगळं बोलतात, पण रात्री झोप लागत नाही हे एकालाही माहीत नसतं. २०२१ मध्ये देशात १ लाख ६४ हजार ३३ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १ लाख १८ हजार ९७९ पुरुष होते, म्हणजे दहातले सात. पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय, हे आपण पाचवीतल्या पोराला सांगतो ना, ते त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, कोणीही करू शकतं. दोघांनी फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

रागाचं कसं ओळखायचं? छोट्या गोष्टीला एकदा नाही म्हणून बघा. ठरलेली जागा बदल, वेळ बदल, आज फोनवर बोलायला नको. नाही ऐकल्यावर समोरचा माणूस कसा वागतो ते बघा, रुसतो, टोमणे मारतो का ठीक आहे म्हणतो. मुलींना पण हीच परीक्षा लागू.

शेतकरी मुलगा असेल तर

गावाकडे सध्या सगळ्यात वाईट हाल यांचे आहेत. जमीन पाहिजे पण शेतकरी नको, असं मुलीचे आईबाप सरळ तोंडावर सांगतात, आणि सांगणारा स्वतः शेतकरी असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात पोरं शेरवानी घालून, बाशिंग बांधून, घोड्यावर बसून बँडबाजासकट कलेक्टर ऑफिसवर गेली होती, आम्हाला बायको मिळवून द्या म्हणून. लोक हसले, मीम आले. पण त्यांची एक मागणी गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याची नीट अंमलबजावणी करा ही होती आणि ती अजिबात हसण्यासारखी नव्हती. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६ वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ९१३ मुली होत्या, तीच पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत, लग्नाच्या बाजारात उभी आहेत. २०११ मध्ये तर आकडा ८९४ वर आला, ती पोरं आता मागून येतायत. आणि हा कायदा आपल्याकडे नवा पण नाही, महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, केंद्राच्या आधी, स्वतःचा केला होता. तेव्हा पोरींच्या अपेक्षा वाढल्या म्हणून बोटं मोडायच्या आधी त्या पोरी जन्माला कोणी येऊ दिल्या नाहीत ते आठवा.

आता करायचं काय? बायोडेटात "५ एकर बागायत" एवढंच लिहून भागत नाही. पाणी कशाचं, विहीर का कॅनॉल का बोअर, पीक कोणतं, खर्च जाऊन वर्षाला किती उरतात, सोसायटीचं कर्ज किती, वाटण्या झाल्यात का हे सांगा. मुलीला शेतात जावं लागणार का, धारा कोण काढतं, तिला तालुक्याला नोकरी किंवा दुकान करायचं असेल तर घरचे काय म्हणतात, हे पहिल्या बैठकीतच सांगून टाका. कित्येक मुलींचा नकार शेतीला नसतो, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबायचं आणि हातात स्वतःचा एक रुपया नाही, त्या जगण्याला असतो. त्यांनी आपल्या आईला तसंच जगताना बघितलेलं असतं.

आणि एजंटांपासून लांब राहा. दोन लाख द्या, मुलगी आणून देतो म्हणणारे गावोगाव फिरतात, लग्न होतं आणि आठ दिवसांत नवरी दागिने घेऊन गायब, अशा बातम्या येतच असतात. मुलीच्या घरी स्वतः जाऊन आल्याशिवाय, दोघांची कागदपत्रं बघितल्याशिवाय आणि लग्नाची नोंदणी केल्याशिवाय पैसे सोडू नका. खरं तर पैसे देऊन मुलगी आणायचीच नाही, ती पण माणूस आहे, अशा व्यवहारात बऱ्याचदा तिलाच कोणीतरी फसवून आणलेलं असतं.

देणंघेणं आणि कायद्याची भीती

"आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा, म्हणजे नक्की काय? काही नको तर काहीच नको. लग्नाचा खर्च निम्मा निम्मा, हॉल बुक करायच्या आधी ठरवायचा.

आजकाल मुलं पण घाबरलेली असतात, रील बघून बघून प्रत्येक बायको केस करणार असंच वाटायला लागलंय, आणि पहिल्याच भेटीत ४९८ वर, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमावर, जोक मारतात. नका मारू, मुलगी तिथेच कटते. (आणि ते कलम आता नव्या न्याय संहितेत ८५ झालंय, जोक तरी अपडेट करा.) खरंच भीती वाटत असेल तर एक साधं काम करा, जे बहुतेक घरांत होत नाही. हुंडाबंदीच्या कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत, त्यात लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायला सांगितलंय. नवरीच्या भेटींची एक, नवऱ्याच्या भेटींची एक, वस्तू काय, अंदाजे किंमत, कोणी दिली, त्याचं नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. लग्नाच्या गडबडीत एखाद्या आतेभावाला हे काम द्या. पुढे कधी वाकडं झालंच तर कोणाचं सोनं कोणाकडे यावरून भांडायला लागत नाही, आणि मुलीचे दागिने सासूच्या कपाटात कायमचे जात नाहीत.

नकार द्यायचा असेल तर

दोन दिवसांत द्या. लटकवून ठेवू नका, "अजून एक स्थळ बघतोय, मग सांगतो" असं तर अजिबात करू नका. पत्रिका जुळत नाही हे खोटं कारण पण नको, समोरचे दुसऱ्या गुरुजींना दाखवतात आणि जुळवून परत येतात! दोघं भेटला असाल तर मेसेज आईबापांनी नाही, स्वतः टाकायचा: भेटून चांगलं वाटलं, पण मला पुढे जायचं नाहीये, तुम्हाला शुभेच्छा. झालं. कारण विचारलं आणि सांगावंसं वाटलं तर सांगा, पण उंची, रंग, केस, पगार यावर बोलायचं नाही. नकार ज्याला आलाय त्याने फक्त ओके, थँक्यू म्हणायचं, रात्री बारा वाजता "पण का" असे मेसेज करत बसायचं नाही. आणि समोरच्याचे फोटो, बायोडेटा फोनमधून डिलीट करा, फॅमिली ग्रुपवर टाकले असतील तर तिथून पण, आणि काकूंनी पुढे पाठवले असतील तर काकूंना पण सांगा.