एकट्या आईने नोकरी आणि घर यांची घडी कशी बसवावी

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात किंवा रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया केंद्रात काम करणाऱ्या एकल मातेने दिवसाचे वेळापत्रक आखण्याआधी वर्षाचे आखावे, कारण कोकणात कामाचा भार ऋतूप्रमाणे बदलतो. आंब्याच्या पॅकिंगची आणि पर्यटकांची घाई नेमकी शाळेच्या सुट्टीत येते, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत मासळीवर पोट असणाऱ्या अनेकींची मिळकत आटते आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरते. या प्रत्येक काळात मूल कोणाकडे राहील, हे महिनाभर आधी ठरवावे.

मदत मागताना मोघम बोलू नये. माझ्या मते घडी बहुधा इथेच विसकटते. “आई, जरा बघशील ना?” असे विचारण्याऐवजी “सोमवार ते शुक्रवार, शाळा सुटल्यापासून माझी साडेसहाची एसटी येईपर्यंत तो तुझ्याकडे राहील, त्याचे खाणे मी सकाळीच करून ठेवीन,” असे सांगावे. गुडघे दुखणाऱ्या आजीला मग “आठवड्यातून तीनच दिवस जमेल” असे मोकळेपणाने म्हणता येते आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी वाडीतल्या एखाद्या काकूंना रीतसर मोबदला देऊन विचारता येते. मदत घेतली म्हणून मुलाच्या शाळेचे किंवा औषधपाण्याचे निर्णय नातेवाइकांच्या हाती सोपवावे लागत नाहीत, हेही प्रेमाने, पण सुरुवातीलाच बोलून घ्यावे.

त्यानंतर स्वतःचा स्वभाव तपासावा. सगळे आपल्याच हाताने नीट व्हावे असे वाटणाऱ्या बाईने एक काम, उदाहरणार्थ संध्याकाळचा अभ्यास, पूर्णपणे दुसऱ्याकडे सोपवावे आणि त्यात चुका काढू नयेत. काळजीखोर स्वभाव असेल तर घरी फोन करण्याची एकच वेळ ठरवावी. भिडस्त बाईने, कोणत्या दिवशी जादा वेळ थांबता येणार नाही, हे वरिष्ठांना आधीच कळवावे.

हक्काच्या सोयी मागण्यात संकोच नसावा. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. कायद्यानुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. एक पालक असलेल्या मुलांसाठीच्या राज्याच्या बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी.

पहिला पाऊस पडण्याआधी एक काम मात्र उरकावेच: ओळखीच्या रिक्षावाल्याचा आणि रात्री येऊ शकणाऱ्या शेजारणीचा नंबर कागदावर लिहून दाराजवळ लावावा, म्हणजे वीज गेलेल्या रात्री मुलाला ताप भरला आणि फोनची बॅटरी संपली, तरी शेजारच्या फोनवरून त्यांना बोलावता येईल.