अर्थशास्त्र वाचताय? मग या चुका टाळा

कौटिल्याच्या अर्थशास्त्राची अधिकरणं, म्हणजे भाग, १५. नवखे मात्र सहाव्यातली मंडलाची, म्हणजे राजांच्या वर्तुळाची, आकृती बघतात आणि पुस्तक मिटतात. मीही मिटलं होतं.

एका अभ्यासवर्गात मी फळ्यावर गोल काढले. मध्ये विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा राजा, त्याला लागून अरी, म्हणजे शत्रू, अरीपलीकडे मित्र, मग अरिमित्र. पाठीमागे पार्ष्णिग्राह (पिछाडीचा शत्रू), आक्रंद (पिछाडीचा मित्र). त्यांचे आणखी मित्र, शिवाय दोघांच्या हद्दीला लागलेला मध्यम आणि या सगळ्यांबाहेरचा बलवान उदासीन धरून १२ राजे. भरीस पडून त्यावर भारताचा नकाशाही बसवला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, मग भूतान आपला अरी का?" खडू हातात धरून मी नुसता घसा खाकरला. घरी येऊन सातवं अधिकरण काढलं. त्याच्या शेवटच्या अध्यायात कौटिल्यच सांगतो की सामंत, म्हणजे शेजारचे राजे, तीन तऱ्हेचे असतात: अरिभावी, मित्रभावी, भृत्यभावी (चाकरासारखे). लागून हद्द आहे म्हणून सावध राहायचं, पण त्याचा भाव पारखल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. तेव्हापासून माझा नेम ठरला: सातवं संपवल्याशिवाय फळ्याला हात लावायचा नाही. १८ अध्याय आहेत, कंटाळा येतो. येऊ दे. रीलवाल्यांना तोही सोसत नाही.

षाड्गुण्य म्हणजे परराज्यांशी वागण्याचे सहा मार्ग; त्यांना लढाईचे सहा डाव समजणं, हा दुसरा घोटाळा. संधी (तह), विग्रह (वैर), आसन, यान (चढाई), संश्रय, द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी वैर) या सहांत गप्प बसून राहणंही आहे आणि बलवानाच्या आश्रयाला जाणंही. संधी आणि विग्रह दोन्हींत सारखीच वृद्धी दिसत असेल तर संधी करावी, असं कौटिल्य स्पष्ट म्हणतो; कारण विग्रहात क्षय (माणसांची हानी), व्यय (खर्च), प्रवास (घरापासून दूर जाणं) आणि प्रत्यवाय (अडथळे). यात दयामाया शोधू नका, हा जमाखर्च आहे.

चाणक्यनीतीच्या नावाने फिरणारे श्लोक अर्थशास्त्रात शोधू नका. ते संग्रह वेगळे.

कौटिल्याला ‘भारताचा मॅकियाव्हेली’ म्हणू नका; मॅकियाव्हेली हा सोळाव्या शतकातला इटालियन राजकीय लेखक. आधीच्याला नंतरच्याचं नाव कशाला? शिवाय जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१९ च्या व्याख्यानात अर्थशास्त्रापुढे मॅकियाव्हेलीला निरुपद्रवी ठरवलं होतं.

कोणी वचन पाठवलं की मी विचारतो: अधिकरण, अध्याय, सूत्र? एकाने उत्तर दिलं, "काकांनी फॉरवर्ड केलंय." र. पं. कंगल्यांनी संपादित केलेली मुंबई विद्यापीठाची अर्थशास्त्राची संहिता (मूळ पाठ) १९६० पासून आहे, प्रत्येक सूत्राला आकडा आहे. मी वहीत वचनाआधी तो आकडा लिहितो. आकडा सापडला नाही तर ती ओळ कोरीच ठेवतो.