तेल तोडलं, तरी ट्रायग्लिसराइड उतरत नाही? या चुका टाळा

डॉक्टरांनी "तेल-तूप कमी करा" असं सांगितलं की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत दुसऱ्याच दिवसापासून फोडणी आटते, पोळी कोरडी होते आणि तुपाचा डबा वरच्या फळीवर जातो. तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो तेव्हा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जरा बरं असतं, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४० वर चढलेलं आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६ वर घसरलेलं. इतकी पथ्यं पाळून हेच मिळणार असेल तर खायचं तरी कशाला सोडायचं, असं वाटून माणूस हताश होतो. दोष त्याच्या चिकाटीचा नसतो. ताटातून काय काढलं ते सगळे विचारतात, पण त्याच्या जागी काय आलं हे कुणी विचारत नाही.

त्या जागी काय आलं?

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू या. तूप सुटलं की भूक लवकर लागते. मग एक पोळी वाढते, भाताची मूद मोठी होते, चहाबरोबर टोस्ट किंवा "बिनतेलाचे" मुरमुरे येतात. सकाळच्या पोह्यांत तेल अगदी बेताचं असतं, पण शेजारी जिलबी असते. उपासाला साबुदाणा.

हे सगळं पचून साखर होते. शरीराला तेवढ्या साखरेची गरज नसली की यकृत तिच्यापासून फॅटी ॲसिड (चरबीचे मूळ घटक) तयार करतं, आणि त्यातलं मुख्य असतं पामिटिक, म्हणजे पाम तेलात भरपूर असतं तेच. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं. जिलबीच्या पाकातली निम्मी साखर फ्रुक्टोज असते आणि तिचा बहुतेक भार थेट यकृतावर पडतो. दारूही तेच करते. पोटाचा घेर वाढलेला असेल तर इन्शुलिनचं नीट चालत नाही, चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड रक्तात सोडत राहतात आणि यकृताला आणखी कच्चा माल मिळतो. वाढलेलं ट्रायग्लिसराइड आणि घटलेलं एचडीएल ही जोडी भारतीयांत इतकी दिसते, तिच्यामागे बहुतेक वेळा हीच साखळी असते.

म्हणून तीन महिने फोडणीवर राग काढण्याआधी साखर, मैदा, भात आणि साबुदाणा किती होतो ते बघा. जेवणात डाळ, मटकी, दही, अंडं वाढवा. जेवणानंतर चाला, हालचाल नियमित असली की स्नायूंमधलं एन्झाइम रक्तातली ट्रायग्लिसराइड जास्त चांगली ओढून घेतं. वजन थोडं उतरलं तरी या आकड्यात फरक पडतो.

अंदाजाने ओतू नका

"आमच्याकडे तेल कमीच असतं" हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकते. किराणा यादी काढली की खरं कळतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरीच्या नमुना ताटात माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांचा महिन्याचा हिशेब साधारण सव्वातीन किलो होतो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास, आणि यात तेल, तूप, लोणी सगळं आलं. तुमच्याकडे महिन्याला पाच लिटर तेल आणि वर किलोभर तूप येत असेल तर चूक सापडली. एक मोठा चमचा तेल म्हणजे १४ ग्रॅम, जवळपास १२० कॅलरी. बरणीतून थेट कढईत ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालायची सवय लावा. सुरुवातीला कंटाळा येतो, पण हाताला माप लवकर बसतं.

या हिशेबात शेव येत नाही, आणि इंदुरात शेव विसरून कसं चालेल? एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून रोज पोह्यांवर घालता तेवढी शेव मोजा. सहज ३० ग्रॅम भरते. आता पाकिटामागचा तक्ता बघा: १०० ग्रॅममागे चरबी ३५ ते ४० ग्रॅमच्या आसपास दिसेल. म्हणजे त्या एका मुठीत दहा-अकरा ग्रॅम तेल, बहुतेक वेळा पोह्यांच्या फोडणीपेक्षा जास्त. शेव सोडा असं मी म्हणत नाही. चिमूटभर वरून भुरभुरवा, जिरावन (पोह्यांवरचा मसाला) मात्र मनसोक्त घाला. संध्याकाळी टीव्हीसमोर डबा उघडून बसणं तेवढं थांबवा.

सोया तेलाला उगाच घाबरू नका

आपल्या माळव्याचं तेल म्हणजे सोया तेल. सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ पासून इंदुरातच आहे. तरीही हल्ली मोबाइलवर बियांच्या तेलांना विष म्हणणारे व्हिडिओ फिरतात आणि घरातल्या आजींना उगाच धसका बसतो. सोया तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेइक ॲसिड आणि सुमारे ७ टक्के अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३ असतं. सूर्यफूल आणि शेंगदाणा तेलात ओमेगा-३ जवळजवळ नसतं. ही दोन्ही फॅटी ॲसिड शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. चरबी पूर्ण तोडलेल्या उंदरांची त्वचा बिघडते आणि वाढ खुंटते, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने १९२९-३० मध्येच दाखवलं होतं. तूप किंवा पाम तेलाच्या जागी अशी तेलं आली की एलडीएल उतरतं. आलटून-पालटून शेंगदाण्याचं तेल वापरा, म्हणजे ओलेइक हे फॅटी ॲसिडही जास्त मिळेल.

घाणीचं तेल चवीला छान, वास सुरेख. पण त्यातली फॅटी ॲसिड रिफाइंडसारखीच असतात, तेव्हा घाणीचं आहे म्हणून दुप्पट ओतू नका. बाटलीवरच्या "कोलेस्टेरॉल फ्री"ला तर काही अर्थच नाही. कोणत्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं.

कढईतलं उरलेलं तेल

सोया तेलाची खरी कमजोरी इथे आहे. ज्या फॅटी ॲसिडच्या रचनेत दुहेरी बंध जास्त (सोया तेलात अशीच जास्त असतात), ते उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतं. थंडीत घरी गराडू तळले की कंदातलं पाणी तेलात उतरतं, कण जळतात, आणि तेच तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर चढतं. तेल काळसर आणि चिकट झालं, वर फेस टिकून राहिला, आधीपेक्षा लवकर धूर येऊ लागला की ते टाकायचं. त्यात नवीन तेल ओतून ते सुधारत नाही, उलट नवीन तेलही लवकर बिघडतं. एकदाच वापरलेलं तेल गाळून, झाकून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. तळायला कढई लहान घ्या, म्हणजे उरतंच कमी.

दुकानांसाठी नियम आहे: तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून बिघडल्याने तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही, हे २०१८ पासून लागू आहे. ट्रान्स फॅटची मर्यादाही जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलात तर कढईतल्या तेलाचा रंग बघून ठेला निवडा. गर्दी बघून नको.

तूप

तुपात साठ टक्क्यांहून जास्त संतृप्त चरबी असते. २००० कॅलरीच्या आहारात संतृप्त चरबी २२ ग्रॅमच्या आत हवी. वरण-भातावरच्या लहान चमचाभर तुपात ती ३ ग्रॅम भरते, ते खुशाल घ्या. तुपात बुडवलेले बाफले हा सणावारी खायचा पदार्थ आहे, दर रविवारचा नव्हे.

जवस अख्खं गिळू नका

अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं. भाजून, कुटून, लसूण-तिखट घालून चटणी करा, थोडी-थोडी करून घट्ट डब्यात ठेवा. फार दिवस राहिली की खवट होते. चमचाभर चटणीतही ओमेगा-३ चांगलं मिळतं. मात्र जवसातल्या ओमेगा-३चा फार थोडा भागच माशांत असतात तशा ईपीए-डीएचए या ओमेगा-३ प्रकारांमध्ये बदलतो. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोनदा ते खावेत.

सगळं केलं, तरी आकडा हलत नाही?

आधी तपासणी कशी झाली ते बघा. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल, उपाशीपोटी १० ते १२ तास गेले नसतील, तर ट्रायग्लिसराइड वर दिसणारच. ते ४०० च्या पुढे असेल तर सूत्राने काढलेलं एलडीएल भरवशाचं नसतं. लॅबकडे थेट मोजणी मागा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) तपासून घ्या, कारण थायरॉइड मंदावला किंवा साखर वाढलेली असली की नुसत्या पथ्याने भागत नाही. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) चालू असेल तर रिपोर्ट चांगला आला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, तो गोळीमुळेच चांगला आलेला असू शकतो. आणि ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. पोटात असह्य दुखत असेल तर त्याच क्षणी.