घरातली हवा तपासताना सुरुवात कुठून करावी

घरातल्या हवेचा विषय निघाला की हल्ली शहरांत हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची चौकशी सुरू होते. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत त्याआधी करण्यासारखी कामे आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच कामांना पैसेही लागत नाहीत. एका रात्रीत जीव घेणारे वायू कोणते आणि वर्षानुवर्षे छाती पोखरणारा धूर कोणता, हे आधी वेगळे करावे आणि सुरुवात वायूंपासून करावी.

त्यात पहिला क्रमांक धान्यात टाकायच्या गोळ्यांचा लागतो. ज्वारी, गहू, तूर, हरभरा यांची पोती राहत्या घरातच रचण्याची आपल्याकडे रीत आहे आणि सोंडे किंवा भुंगे दिसताच पोत्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून शेजारच्याच खोलीत अंथरुणे घातली जातात. हवेतला दमटपणा लागला की या गोळ्या फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडू लागतात. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम वायू निघतो आणि तो पोत्याच्या विणीतून, दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगेतून सहज पलीकडे जातो. त्याला कधी लसणासारखा वास येतो, परंतु वास नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नये. मळमळ, उलट्या, छातीत दडपण आणि धाप ही लक्षणे एकाच घरातल्या अनेकांना एकदम दिसू लागली, तर शिळ्या अन्नाला दोष देत बसण्याआधी गोळ्यांची आठवण व्हायला हवी, कारण या विषावर उतारा नाही. अशा वेळी सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, 108 वर फोन करावा आणि डॉक्टरांना गोळ्यांचे नाव सांगावे. गोळ्या विझवण्यासाठी त्यांवर पाणी ओतू नये. पाण्याने वायू अधिक वेगाने सुटतो. या गोळ्यांचा वापर नियमानुसार सरकारी यंत्रणा आणि कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींपुरताच मर्यादित आहे, त्यामुळे कोणी सुट्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या तरी त्या घरात आणू नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे. डाळींना थोडे एरंडेल चोळले तरी घरखर्चापुरता साठा टिकतो.

दुसरा वायू कार्बन मोनॉक्साइड असून त्याला रंगही नाही आणि वासही नाही. परभणीकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा अंगणात पेटवलेली शेगडी, धूर थांबून निखारे लाल झाले की, म्हाताऱ्या माणसांच्या किंवा बाळंतिणीच्या खोलीत आणून दारे लावली जातात. धूर थांबला तरी निखाऱ्यांतून हा वायू निघतच राहतो, म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. गॅसवरचा गिझरही न्हाणीघराच्या आत न लावता बाहेर मोकळ्या जागी बसवावा. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची धूळ गाळणारी जाळी या वायूला अडवू शकत नाही.

आता धुराकडे वळू. उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाली आणि गावोगावी सिलिंडर पोहोचले, तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी अनेक घरांत अजून तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवरच होते. गॅसचा दर पाहता त्यासाठी बाईमाणसांना बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र या धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर जातात, लहान मुलांना न्यूमोनियाचा आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना दमछाकीच्या जुनाट विकाराचा व मोतीबिंदूचा धोका वाढवतात. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर दगडमातीची जड माळवदे मागे पडली ते योग्यच झाले, पण नव्या स्लॅबच्या घरांत छताला उजेडाचा आणि धुराचा झरोका ठेवायचा राहून गेला. आपल्या स्वयंपाकघराची परीक्षा सोपी आहे: चूल पेटलेली असताना चुलीच्या जागेपासून दोन हातांवर उदबत्ती धरावी. तिचा धूर खिडकीकडे न जाता डोक्याएवढ्या उंचीवर घुटमळत राहिला, तर चूल पडवीत हलवावी किंवा वर धुराडे बसवून घ्यावे. जळण कोरडेच वापरावे आणि ते पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या किंवा खताच्या गोण्यांचे तुकडे कधीही घेऊ नयेत. फवारणीचे औषध आणि पंप झोपायच्या खोलीत ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

डासांची कॉइल हाही धूरच असल्याने बंद खोलीत ती रात्रभर जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. कूलर खिडकीबाहेर बसवून समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत ओल साठून भिंतींना बुरशी धरते. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढावे आणि टाकीच्या कडा घासाव्यात, कारण डेंग्यूच्या डासांची अंडी तिथेच चिकटलेली असतात. टंचाईच्या दिवसांत हे पाणी फेकवत नाही. ते झाडांच्या बुंध्याशी कोरड्या मातीत ओतावे.