मुलाला बायपोलर असण्याची शंका आल्यावर या चुका टाळा

बायपोलर म्हणजे उन्मादाचे (अवाजवी उत्साहाचे) आणि उदासीचे टप्पे येणारा मानसिक आजार. सतत चिडचिड करणाऱ्या मुलाला घाईने बायपोलर ठरवणे आणि खरोखर उन्मादाच्या टप्प्यात असलेल्या मुलाला ‘आता कसा उत्साही झाला आहे’ म्हणून शाबासकी देणे, या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: पालक स्वभाव पाहतात, कालावधी पाहत नाहीत. उन्मादाचा, म्हणजे मॅनियाचा, टप्पा सहसा किमान आठवडाभर चालतो आणि त्या काळात मूल एरवीपेक्षा स्पष्टपणे वेगळे वागते. मोबाइल काढून घेतल्यावर उसळून तासाभरात ओसरणारा राग म्हणजे मॅनिया नव्हे. अमेरिकेत अशा चिडखोर मुलांवर बायपोलरचा शिक्का फार सहज बसू लागला, म्हणून तेथील मानसोपचार वर्गीकरणात २०१३ साली त्यांच्यासाठी वेगळे निदान मांडावे लागले.

झोपेकडे झालेले दुर्लक्ष सर्वांत महागात पडते. बारावीच्या वर्षी रात्रभर जागणारा मुलगा दुसऱ्या दिवशी पेंगत असेल, तर ते जागरण आहे; तीनच तास झोपून तो सलग काही दिवस ताजातवाना असेल, भरभर बोलत असेल आणि अवाढव्य बेत रचत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. झोपेचे तास आणि मनःस्थिती यांची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. तपासणीच्या वेळी आठवून सांगितलेल्या हकिकतीपेक्षा ती अधिक कामी येते.

आजार अनेकदा उदासीपासून सुरू होतो. अशा वेळी पूर्वीचे ‘तेजीचे’ दिवस डॉक्टरांना सांगितले नाहीत, तर केवळ नैराश्याचे औषध सुरू होते आणि त्याने काही रुग्णांत उन्माद उफाळतो. आत्याला किंवा मामाला असा आजार होता, हे सोयरिकीच्या धास्तीने लपवणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. डॉक्टरांपुढे तरी ही लपवाछपवी करू नये.

बरे वाटू लागताच औषध परस्पर बंद करणे, ही तर नेहमीची चूक. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध सुरू असेल तर त्याचे रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांच्या तपासण्या चुकवू नयेत. प्रमाणाच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या मात्रेनंतर सुमारे १२ तासांनी द्यावे. निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या आणि दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके यांमुळे हे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. मुलीला व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरील दुसरे औषध सुचवले गेल्यास भावी गर्भधारणेतील धोक्यांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

उन्मादात वाद घालून मुलाला भानावर आणता येत नाही. आवाज खाली ठेवावा आणि गाडीची चावी व पैशांचे व्यवहार आपल्या ताब्यात घ्यावेत. मरणाची भाषा मात्र कधीही नाटक समजू नये: तसा विचार मनात येतो का, हे थेट विचारावे, औषधे आणि शेतातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत, मुलाला एकटे सोडू नये आणि तातडीने रुग्णालय गाठावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रात्री-अपरात्रीही समुपदेशकाशी बोलता येते.