‘ड्राको’ या लॅटिन शब्दाचा माग कसा काढावा

‘ड्राको’ म्हणजे ड्रॅगन. प्रथम या शब्दाचे द्वितीया विभक्तीचे रूप पाहावे, कारण रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) भाषांतील नामे बहुधा त्यावरूनच आली आहेत. ‘ड्राकोनेम’पासून फ्रेंच ‘द्रागाँ’ आणि स्पॅनिश ‘द्रागोन’ निघाले. इटालियन ‘द्रागो’ मात्र प्रथमेच्या रूपाला धरून राहिला. त्यानंतर अर्थ तपासावा, आणि खरी गंमत इथेच आहे. कॅटलान ‘द्राक’ म्हणजे ड्रॅगनच. पण बायबलच्या शेवटच्या ग्रंथात ड्रॅगनलाच सैतान म्हटले असल्याने रुमानियन ‘द्राक’चा अर्थ सैतान झाला आणि ड्रॅगनसाठी ‘बालाउर’ हा निराळा शब्द रूढ झाला. विशेषनामांत प्रत्यय सोडवून पाहावा: 1431 मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’ या सरदारसंघात दाखल झालेल्या दुसऱ्या व्लादच्या (आजच्या रुमानियातील वालाकियाचा शासक) ‘द्राकुल’ या उपनामातील ‘उल’ हे नामाच्या शेवटी जोडले जाणारे निश्चयवाचक उपपद (इंग्रजी ‘द’सारखे) आहे, तर ‘ड्रॅक्युला’ म्हणजे त्याचा पुत्र.