संध्याकाळचा भोंगा : गावात किंवा सोसायटीत दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवण्याची घडी कशी बसवावी

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे, मुख्यतः उसावर जगणारे गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, या गावाने असे ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद राहतील. कोरोनाच्या काळात शाळाच मोबाइलवर आली होती. वर्ग पुन्हा भरू लागले तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना आणि अभ्यासाची बैठक मोडली ती मोडलीच, अशी तक्रार घराघरांत होती. त्यावर वडगावने काढलेला उपाय पुढे बराच गाजला. आपल्या गावातही असे काही करावे, असे अनेकांना वाटते. पण भोंगा विकत आणणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग त्याच्या आधीचा आणि नंतरचा आहे, म्हणून या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

हे काम सामुदायिक का असावे लागते, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण ग्रामसभेत हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. ‘ज्याने त्याने आपापल्या घरात शिस्त लावावी, गावाने त्यात कशाला पडायचे?’ असे कोणीतरी म्हणणारच. त्याचे उत्तर असे की एकट्या घराला हे सहसा जमत नाही. एका मुलाचा मोबाइल काढून घेतला, पण त्याचे सगळे मित्र त्याच वेळी खेळात किंवा ग्रुपवर असले, तर त्या मुलाच्या वाट्याला अभ्यास येत नाही, एकटेपणा येतो. शेजारच्या भिंतीतून मालिकेचे शीर्षकगीत ऐकू येत असताना आपल्या घरातला टीव्ही बंद ठेवणे मोठ्यांनाही जड जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि घरात एक पडदा असण्याऐवजी माणशी एक पडदा झाला. त्यामुळे पूर्वी टीव्हीपुढे का होईना पण एकत्र बसणारे घर आता चार कोपऱ्यांत चार ठिकाणी बसते. ही सवय सगळ्यांना एकाच वेळी लागली आहे, तेव्हा ती सोडायचीही एकाच वेळी, रोजच्या थोड्या वेळापुरती.

सुरुवात महिला ग्रामसभेपासून करावी. वडगावने तेच केले होते : १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी महिलांची सभा घेऊन विषय मांडला आणि त्यानंतर आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन बोलले. हा क्रम बदलू नये. सात ते साडेआठ हा मालिकांचा वेळ आहे, आणि दिवसभर शेतात, गोठ्यात, चुलीपुढे राबणाऱ्या बाईला स्वतःचा म्हणावा असा तेवढाच अर्धा-पाऊण तास मिळतो. तो ‘मुलांच्या भल्यासाठी’ काढून घ्यायचा आणि पुरुषांनी मात्र पारावर बसून मोबाइल चाळायचा, असा ठराव झाला तर तो पहिल्या आठवड्यातच मोडेल, आणि मोडावाच. घरोघरी फिरताना उंबऱ्यातच ऐकू येणारे वाक्य ठरलेले असते : “ताई, पोरांचं राहू द्या, आधी आमच्या ह्यांच्या हातातला मोबाइल सोडवून दाखवा.” अंगणवाडी सेविकेकडे याला एकच खरे उत्तर असते, ते म्हणजे “वहिनी, ह्यांच्यासाठीच आलेय मी. ते आहेत का घरात?” म्हणून घरभेटीला जाणाऱ्या प्रत्येक जोडीत एक पुरुष असावा, शक्यतो ज्याला गावात मान आहे असा निवृत्त गुरुजी किंवा दूध संस्थेचा जुना सचिव, आणि त्याने घरातल्या कर्त्या पुरुषाशी वेगळे बोलावे. मालिका रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवली जाते, हेही जाता जाता सांगून ठेवावे. त्याने अर्धा विरोध मावळतो.

यानंतर मुख्य ग्रामसभेत ठराव घ्यावा. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्या बहुधा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व २६ जानेवारी यांच्या आसपास होतात. त्यांतील सोयीची तारीख धरून विषय आधीच विषयपत्रिकेवर येईल असे पाहावे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, त्यामुळे पंचवीस माणसांतही ठराव मंजूर करून घेता येतो. कायद्याने तो चालेल, पण असा ठराव कोणी आपला मानणार नाही. सभा भरली नाही तर पुढच्या सभेपर्यंत थांबावे हे बरे.

ठरावात दंड घालू नये. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाने २०२२ मध्येच १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला होता. त्यामागची कळकळ समजण्यासारखी आहे, तरीही केवळ मुलांवर बंदी घालण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण त्यात मोठ्यांची सवय तशीच राहते आणि मुले लपून मोबाइल पाहायला शिकतात. दाखला अडवणे, नळाचे पाणी बंद करणे, लग्नकार्याला न बोलावणे असले दबाव तर मनातही आणू नयेत. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे आणि त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. भोंग्याला न जुमानणारी घरे राहणारच. त्यांच्याशी बोलणे चालू ठेवावे.

वेळ ठरवताना गावाचे घड्याळ पाहावे. वडगावची वेळ सातची म्हणून आपलीही सातचीच, असे करू नये. धार काढून, डेअरीत दूध घालून माणूस हातपाय धुऊन बसेपर्यंत काही गावांत साडेसात वाजतात, तर कोकणातल्या वाडीवर त्याच वेळी जेवणाची ताटे मांडलेली असतात. पन्नाशीपुढच्या माणसांना दिवेलागणीची ‘शुभं करोति’ आणि त्यापाठोपाठ म्हटला जाणारा पाढ्यांचा परवचा अजून आठवतो. ज्या गावात ही आठवण जिवंत आहे तिथे तीच वेळ धरावी, म्हणजे नवी शिस्त लावल्यासारखे न वाटता जुनी सवय परत आणल्यासारखे वाटते. सुरुवात जूनमध्ये, शाळा उघडताना करावी. गणपतीच्या दिवसांत कोणाचेच वेळापत्रक जागेवर नसते, आणि ऊसतोडीच्या किंवा भातकापणीच्या ऐन घाईत सुरू केलेला उपक्रम तर पहिल्या दिवसापासूनच लंगडा पडतो.

आता अपवाद. याच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण अपवाद आधी ठरले नाहीत तर प्रत्येक घर स्वतःचा अपवाद शोधते आणि महिन्याभरात नियमच उरत नाही. मूळ नियम असा ठेवावा की बंद व्हायचा तो पडदा, फोनची घंटा नव्हे. आलेला फोन घेता आला पाहिजे, कारण घरात म्हातारे माणूस असते, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असतात, आणि १०८ची रुग्णवाहिका फोनवरच बोलवावी लागते. ज्या घरातला मुलगा सैन्यात आहे त्या घरी त्याचा फोन कधी येईल हे घरच्यांच्या हातात नसते, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात अशी घरे थोडीथोडकी नाहीत. ज्यांच्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवला आहे आणि ज्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीची आहे, त्यांना मोटर चालू-बंद करण्यापुरता मोबाइल हातात घ्यावाच लागेल. या गोष्टी ठरावातच लिहाव्यात. स्मार्टफोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सोय असते, तिच्यात घरच्या ठरावीक माणसांचे फोन वाजू द्यावेत असे लावून ठेवता येते, शिवाय तोच माणूस थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन करील तर घंटा वाजेल असेही करता येते. गावातल्या दोन-तीन कॉलेजच्या मुलांना घरोघरी पाठवून ही सोय लावून द्यायला सांगावे. मोठ्यांना ती सहसा माहीत नसते, आणि तरुणांना या उपक्रमात हक्काचे एक काम मिळते. पालकांप्रमाणे शाळेकडेही एक मागणी करावी : गृहपाठाचे संदेश आणि सूचना संध्याकाळी सहाच्या आत वर्गाच्या ग्रुपवर टाकाव्यात. साडेसातला गुरुजींचाच मेसेज येत असेल तर मुलाला दोष देण्यात अर्थ नाही.

भोंग्याबद्दल थोडक्यात. साखर कारखान्याच्या पाळीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चालतो त्या भागाला हे साधन नवे नाही, तरीही तीन गोष्टी पाहाव्यात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, तेव्हा भोंगा बसवण्यापूर्वी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ठेवावा. दवाखाना किंवा शाळा १०० मीटरच्या आत असल्यास जागा बदलावी. दुसरे, नागरी संरक्षणाच्या सरावात धोक्याचा भोंगा चढ-उताराच्या आवाजात वाजवतात आणि नदीकाठच्या गावांत धरणाचे पाणी सोडतानाही भोंगा वाजतो, म्हणून आपला आवाज एकसुरी, अर्ध्या मिनिटाच्या आतला आणि ओळखू येईल इतका वेगळा असावा. तिसरे, गावात निरनिराळ्या धर्मांची वस्ती असेल तर भोंगा कोणत्याही प्रार्थनास्थळावर न बसवता ग्रामपंचायतीच्या इमारतीवर बसवावा. भोंग्यांवरून महाराष्ट्रात २०२२ मध्ये पुरेसे राजकारण झाले आहे.

मोकळा झालेला दीड तास रिकामा ठेवला तर मुले घड्याळाकडे पाहत बसतात आणि साडेआठचा भोंगा वाजला की मोबाइलवर झडप घालतात. म्हणून पहिल्या पंधरवड्यासाठी तरी काय करायचे ते ठरवून ठेवावे. अभ्यासाची सोय आधी : समाजमंदिर, शाळेची खोली किंवा ग्रंथालय उघडे ठेवावे, चांगला दिवा लावावा आणि तिथे एक मोठे माणूस रोज बसेल अशी पाळी लावावी. मुलींना अंधारातून जावे लागणार असेल तर गल्लीनिहाय एखाद्या मोठ्या ओसरीवर बसवावे. एकाच मध्यवर्ती ठिकाणाचा हट्ट धरल्यास मुली घरी राहतात आणि अभ्यासिका मुलांचीच होते. गावातले अनुदानित ग्रंथालय अनेकदा संध्याकाळी बंद असते, त्याची वेळ बदलून घ्यावी. मोठ्यांसाठी मात्र कार्यक्रम आखू नयेत. व्याख्यान ठेवले की लोक पाठ फिरवतात. ओट्यावर नुसते बसू द्यावे. पहिले काही दिवस सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होते, नवरा-बायकोला तर विशेष, कारण बोलण्याची सवय मोडलेली असते आणि पहिला विषय बहुधा कोणाच्या तरी कर्जाचा किंवा बांधावरच्या भांडणाचा निघतो. ते होऊ द्यावे. स्वयंपाकाचा वेळ याच दीड तासात येत असेल तर भाजी निवडणे, लसूण सोलणे अशी कामे सगळ्यांनी मिळून करावीत, नाहीतर घरच्या बाईला या उपक्रमातून टीव्ही गेला एवढेच कळेल.

शहरातल्या सोसायटीत हे सगळे तसेच्या तसे चालत नाही. भोंगा तर नकोच. तिथे संध्याकाळी सात ही अनेकांची कामाची वेळ असते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याचा अमेरिकेतल्या लोकांबरोबरचा कॉल नेमका तेव्हाच सुरू होतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचा न्यू जर्सीतल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलही त्याच सुमाराला असतो, कारण तिकडे सकाळचे साडेआठ-साडेनऊ झालेले असतात. त्यांच्यासाठी तो पडदा म्हणजेच घरचे माणूस आहे आणि तो बंद करायला सांगणे हा निर्दयपणा होईल. म्हणून सोसायटीत रोजचा नियम न करता आठवड्यातून दोन दिवस, शक्यतो त्यांतला एक रविवार, असे ठरवावे. वार्षिक सर्वसाधारण सभेत, जी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, विषय मांडावा; पण ठराव केवळ आवाहनाचा ठेवावा, कारण कोणाच्या घरातला टीव्ही बंद करण्याचा अधिकार समितीला नाही. पार्किंगमधल्या दोन गाड्या हलवून तेवढी जागा मुलांना खेळायला दिली, तर आवाहनाची फारशी गरजही पडत नाही. फक्त ‘आज मोबाइल बंद’ याची आठवण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न देता सूचनाफलकावर लावावी.

तीन महिन्यांनी आढावा घ्यावा आणि तो पुन्हा महिला ग्रामसभेपासून सुरू करावा. मुलांच्या गुणांवरून उपक्रम मोजू नये. एका तिमाहीत गुण वाढले तर त्याचे श्रेय भोंग्याला देता येत नाही आणि घटले तर दोषही देता येत नाही. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत : अभ्यासिकेत किती मुली येतात, किती घरांत पुरुष मोबाइल ठेवतात, कोणता अपवाद गरजेपेक्षा जास्त वापरला जातो. पाळणारी घरे निम्म्याहून कमी झाली असतील तर वेळ पाऊण तासावर आणावी किंवा शनिवार-रविवार मोकळे सोडावेत. उन्हाळ्याच्या सुटीत भोंगा बंद ठेवायला हरकत नाही, मात्र तो जूनमध्ये कोण सुरू करणार त्या माणसाचे नाव एप्रिलच्या आतच इतिवृत्तात लिहून घ्यावे.